अण्णा हरवल्याची तक्रार

मी आयुष्यात दोनदा पोलीस चौकीची पायरी चढलोय. दोन्ही वेळा एकाच दुपारी, आणि दोन्ही खेपेला चूक माझी होती. आता हे लिहायला सोपं आहे. त्या दिवशी मात्र माझा पक्का समज होता की चूक सोडून बाकी सगळं माझं आहे. हक्क माझे, घाई माझी आणि वडीलही माझेच.

वडील म्हणजे अण्णा. वय एक्क्याऐंशी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांची सगळी नोकरी कल्याणात झाली, आमचं घरही तिथेच होतं. आई गेल्यावर मी त्यांना बाळकुमला आमच्याकडे आणलं, पण पेन्शनचं खातं त्यांनी काही हलवू दिलं नाही. "बँकेतली माणसं ओळखीची आहेत," म्हणतात. (ती माणसं केव्हाच रिटायर झाली. त्यातली दोन तर अण्णांच्याच वर्गात शिकलेली होती, तीसुद्धा रिटायर झाली.) दर नोव्हेंबरात अण्णांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण अजून आहोत असं कळवायचं. हल्ली ते घरबसल्या मशीनवर अंगठा लावून होतं म्हणे. पण चाळीस वर्षं खडू धरून अण्णांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्यात. मशीन त्यांना ओळखत नाही. म्हणून दर वर्षी स्वतः जाऊन तोंड दाखवायचं.

त्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आणि अण्णांना गाडीत बसवलं. कशेळीच्या पुलावर अर्धा तास गेला, दुर्गाडीला पाऊण. कल्याणात पोचेपर्यंत माझं डोकं गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त तापलेलं. बँकेपाशी थांबायला जागा नाही, मागे रिक्षांची रांग, आणि प्रत्येक रिक्षावाला माझ्या खानदानाची चौकशी करतोय.

"अण्णा, उतरा पटकन. मी गाडी लावून येतो. इथून हलू नका."

"नाही हलत."

"हललात तर मी कुठे शोधत फिरू तुम्हाला?"

"अरे, नाही हलत म्हटलं ना," अण्णा म्हणाले आणि सावकाश उतरले. सावकाश म्हणजे फारच सावकाश. मी तेवढ्यात दोनदा "चला, चला" म्हणालो. हे मला नंतर पुष्कळदा आठवलं.

गाडी लावायला जागा मिळाली ती पार लांब, एका मंगल कार्यालयाच्या मागे. उतरताना पाहिलं तर अण्णांचा मोबाइल गाडीतच, चार्जिंगला लावलेला. तो खिशात टाकला आणि चालत निघालो. बँकेच्या दारात पोचायला सगळा मिळून पाऊण तास गेला. दारात अण्णा नव्हते.

आत पाहिलं, नव्हते. वॉचमनला विचारलं. "म्हातारे? म्हातारे तर आज सगळेच आलेत," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. नोव्हेंबर असल्यामुळे आत पन्नासेक म्हातारे बसलेले, निम्म्यांनी पांढरा शर्ट घातलेला. मी प्रत्येकाच्या समोर जाऊन चेहरा बघून आलो. मग शेजारच्या मिठाईच्या दुकानात विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, रिक्षा स्टँडवर विचारलं. अण्णांना गुडघ्याचं दुखणं, डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि कल्याण आता त्यांच्या वेळचं राहिलेलं नाही. ते त्यांच्या जुन्या शाळेकडे चालत निघाले असतील आणि मध्येच कुठे पडले असतील, असं चित्र डोळ्यांसमोर आलं ते जाईना.

जवळच पोलीस चौकी होती. आत टेबलाशी एक हवालदार बसलेले. वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर.

"माझे वडील हरवलेत."

"बसा."

"बसायला वेळ नाहीये."

"मग उभ्याने सांगा. कुठून हरवले?"

मी बँकेचं नाव सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, पेन्सिल घेतली आणि एका कागदावर नकाशा काढायला लागले. "ही बँक. कोपऱ्यावर आहे. हा मेन रोड, ही बाजूची गल्ली. मेन रोड आमच्याकडे येत नाही, तो पलीकडच्या पोलीस ठाण्याकडे. गल्ली आमची. तुम्ही वडिलांना उतरवलं नेमकं कुठे?"

"बँकेसमोर."

"समोर म्हणजे मेन रोडला का गल्लीत?"

"अहो, माणूस हरवलाय म्हणून सांगतोय आणि तुम्ही मला रस्ते विचारताय."

"रस्त्यावरूनच हरवलेत ना, साहेब?"

इथे माझा तोल गेला. मी सामान्य नागरिकाविषयी बोललो, ज्येष्ठ नागरिकांविषयी बोललो, वर कुठे कुठे तक्रार करता येते तेही सांगितलं. (मी आमच्या सोसायटीत तक्रारी लिहिण्यासाठीच ओळखला जातो. लिफ्टपासून कबुतरांपर्यंत.) माझा आवाज ऐकून आतून एक शिपाई बाहेर आला, बघून परत गेला. हवालदार शांतपणे पेन्सिल धरून बसलेले.

"मेन रोड," मी शेवटी ओरडलो. "मेन रोडला उतरवलं."

"मग पलीकडे जा. पण जाताना आधी गल्लीत एकदा बघून घ्या."

"गल्ली तुमची आहे ना? तुम्ही बघा," असं म्हणून मी निघालो. त्या वेळी हे वाक्य मला फार जमल्यासारखं वाटलेलं.

पलीकडचं ठाणं दहा मिनिटांवर होतं. चालता चालता मी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. 'माझे ८१ वर्षांचे वडील कल्याणमध्ये बेपत्ता. पोलिसांनी हद्दीच्या नावाखाली हाकलून दिलं. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' आमचे सेक्रेटरी भोईरकाका ताबडतोब म्हणाले, "फोटो टाका." आणि मी रस्त्यातच थांबलो.

माझ्या मोबाइलमध्ये चार हजारांच्या वर फोटो आहेत. त्यात आमच्या मांजराचे सुमारे सहाशे. अण्णांचे शोधले तर एका वाढदिवसात केकमागे त्यांचा खांदा होता. एका लग्नात ते पाठमोरे होते. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या फोटोत त्यांचा अर्धा कान होता, तो नेमका ऐकू न येणारा. पूर्ण चेहऱ्याचा असा एकच फोटो निघाला, लस घ्यायला गेलेलो तेव्हाचा. त्यात त्यांनी डोळ्यांपर्यंत मास्क लावलेला. तोच टाकला.

पलीकडच्या ठाण्यात एक उपनिरीक्षक मॅडम होत्या. माझ्या मुलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. मी आल्या आल्या त्या हवालदारांबद्दल सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "ते नंतर. आधी वडिलांचं वर्णन द्या. उंची?"

"मध्यम."

"माझ्याएवढे की तुमच्याएवढे?"

मला सांगता येईना. अण्णा हल्ली कायम बसलेलेच दिसायचे. "मध्यमच लिहा."

"अंगावर कपडे काय?"

"शर्ट-पँट."

"रंग?"

सकाळी दीड तास मी त्यांच्या शेजारी बसलेलो. "फिका," मी म्हणालो.

"फिका काय? निळा, पांढरा, पिवळा?"

मी सुजाताला, माझ्या बायकोला, ऑफिसात फोन लावला. "सुजाता, अण्णांनी आज कुठला शर्ट घातलाय?"

"अरे, तुझ्याबरोबरच आहेत ना ते?"

"हो, म्हणजे नाहीत. तू आधी शर्ट सांग."

तिने शर्टाचा रंग सांगितला, पँट सांगितली, चपला नव्या आहेत आणि उजवी चावते हे सांगितलं. हनुवटीखाली जुना व्रण आहे, तेही तिनेच सांगितलं. मॅडमनी ते सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "या तुमच्या वडिलांच्या सूनबाई का?" मी हो म्हणालो. "बरं झालं त्या आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी टोमणा मारला नव्हता. तो मारला असता तर मला ओरडता तरी आलं असतं.

"स्वभाव कसा आहे? भरकटतात का? विसरतात?"

"हो, वय झालंय. सांगितलेलं ऐकत नाहीत," मी म्हणालो. निदान एका प्रश्नाचं उत्तर मला बायकोला न विचारता आलं.

तेवढ्यात भोईरकाकांचा फोन आला. "सापडले. वर्तकनगरला आहेत. आपल्या ओळखीच्या लोकांनी बसवून ठेवलंय." कल्याणहून वर्तकनगर, म्हणजे परत आमच्या घराकडे! मी व्हिडिओ कॉल करायला लावला. मास्क लावलेले एक आजोबा एका सोसायटीच्या ऑफिसात भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांनी मास्क काढला आणि म्हणाले, "मला घरी जाऊ द्या हो, माझी कोथिंबीर सुकत चालल्ये." पाच मिनिटांनी टिटवाळ्यालाही एक सापडले. फोटोत दिसत होते ते फक्त डोळे, चष्मा आणि टक्कल. तेवढं आपल्याकडे बऱ्याच जणांचं सारखं असतं. मॅडमनी माझ्याकडून तो संदेश मागून घेऊन वाचला, 'हाकलून दिलं' या शब्दांवर एकदा बोट टेकवलं, आणि मोबाइल परत दिला.

मग त्यांनी आधीच्या चौकीला फोन लावला. बोलता बोलता त्यांचा चेहरा बदलला. "काय? किती वेळ? थांबवून ठेवा, आलेच."

"सापडले?" मी उठलो.

"त्या चौकीत एक आजोबा तासभर बसलेत," मॅडम म्हणाल्या. "त्यांचा मुलगा हरवलाय."

आम्ही त्यांच्या गाडीतून गेलो. चौकीत हवालदारांच्या टेबलाशी अण्णा बसलेले, समोर चहा. मला बघून ते उठायला गेले, पण गुडघ्याने साथ दिली नाही, मग बसूनच त्यांनी माझा हात धरला.

"कुठे होतास रे? जेवलास का?"

मी नेमकं चुकीचंच बोललो. "तुम्हाला हलू नका म्हटलं होतं ना, अण्णा."

"हललो नाही. तू गल्लीतल्या दाराशी सोडलंस, उताराच्या दाराशी. तिथेच उभा होतो. सव्वा तास. मग वाटलं, तुलाच काही झालं असेल."

बँकेला दोन दारं आहेत. म्हाताऱ्यांना पायऱ्या नकोत म्हणून गल्लीत उतार केलेलं एक दार आहे, आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या चुकवायला मी गाडी नेमकी त्या गल्लीत वळवलेली. परत येताना चालत आलो तो मेन रोडच्या दाराशी. हवालदारांनी विचारलेला एकमेव प्रश्न हाच होता. गल्लीत बघून घ्या, हेही त्यांनी सांगितलेलं.

तरी मी शेवटचा प्रयत्न केला. "पण हवालदारसाहेब, मी वडील हरवले म्हणून येऊन गेलो, मग हे मुलगा हरवला म्हणून आले, तर तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

हवालदार जरा अवघडले. "आलं असतं, साहेब. पण आजोबांनी वर्णन वेगळं दिलं." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं. निळ्या रेघांचा शर्ट, वरून तिसरं बटण दुसऱ्या रंगाचं. डाव्या कानामागे तीळ. उजव्या कोपरावर खूण, सातवीत सायकलवरून पडला तेव्हाची. उंची पाच फूट सात इंच, पोक काढून चालतो म्हणून कमी वाटते. पित्ताची गोळी दुपारी घ्यायची असते, ती घेतली नसेल. मी बटण बघितलं. खरंच दुसऱ्या रंगाचं होतं. मला ते माहीत नव्हतं. आणि शेवटची ओळ अशी होती: 'स्वभावाने अत्यंत शांत. कुणाशी मोठ्या आवाजात बोलत नाही. कृपया त्याच्याशी सौम्यपणे बोलावे, घाबरेल.'

"हे वाचलं," हवालदार म्हणाले, "आणि तुम्ही माझ्या डोक्यातच आला नाहीत."

मॅडम खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. आतला शिपाई पुन्हा बाहेर आला, त्याने आपल्या साहेबांकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी तो हसला. अण्णांना काही समजेना. त्यांनी चांगला कान पुढे केला. "काय झालं? हा आधी येऊन गेला होता का?"

"आले होते," हवालदार म्हणाले. भला माणूस, एवढंच म्हणाले. पण अण्णांनी चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेत. कोणी काय केलं ते त्यांना मागच्या बाकावरच्या शांततेवरून कळतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हवालदारांची माफी मागितली, मग मॅडमची, मग ग्रुपवर लिहून सगळ्यांची. हे सगळं होईपर्यंत अण्णांनी माझा हात सोडला नव्हता.

राहता राहिलं कागदाचं काम. हरवलेला माणूस तक्रारदाराच्या ताब्यात द्यावा लागतो आणि तशी सही घ्यावी लागते. इथे दोघे हरवलेले आणि दोघेही तक्रारदार. हवालदारांनी मॅडमना विचारलं, "कोणाला कोणाच्या ताब्यात देऊ?"

मॅडमनी बरोबर आणलेला माझा कागद अण्णांच्या कागदाशेजारी ठेवला. माझ्या कागदावर 'उंची मध्यम' होतं आणि बाकीचं सगळं सुजाताचं. त्यांना फार विचार करावा लागला नाही. "मुलाला वडिलांच्या ताब्यात द्या."

मी बावन्न वर्षांचा आहे. माझ्या हाताखाली अकरा माणसं काम करतात. मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि अण्णांनी पेन घेतलं. 'मुलगा सुस्थितीत मिळाला' असं लिहून सही करा, असं हवालदारांनी सांगितलं. अण्णांनी तसं लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग चष्मा पुसला, आणि सहीच्या खाली सुवाच्य अक्षरात आणखी एक ओळ लिहिली:

'वर्णन जुळत नाही. तरी मुलगा माझाच आहे.'