हट्ट्याच्या गुरुजींचं नेट

वसमतला मिलिंदचं नि माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद केलं तेव्हा जुने कीबोर्ड, माऊस भंगारवाल्यानं नेले. किस्से तेवढे माझ्याकडेच राहिले, ते कोण घेणार! दोन हजार सात-आठचा काळ. वायफाय नवं-नवं आलेलं, आणि ज्याचं चालत नाही तो आमच्या नावानं शंख करायचा.

*

खताच्या दुकानाचे एक मालक लॅपटॉप घेऊन आले. घरी नेट चालत नाही म्हणे. आमच्याकडे उघडला तर झकास चालला. खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत हजर. पुन्हा चालला, पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी माझं डोकं सरकलं. घरी राउटर कोणता, विचारलं, तर राउटर हा शब्दच त्यांना नवीन. आमच्या वायफायवर चालत होतं ते! पण ते अगदी शांतपणे म्हणाले, "आज जरा जास्त भरून द्या. घरी जाईपर्यंत संपून राहिलं."

*

डोंगरकड्याच्या एका बागायतदारांनी राउटर घेतला आणि चोरीच्या भीतीनं लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग रेंज कुठून येणार? मिलिंदनं कपाट उघडायला लावलं, नेट सुरू. त्यांना ते पटलंही. तेव्हापासून घरात कुणी नेट लावलं की हे कपाट उघडून समोर खुर्ची टाकून राखणीला बसायचे.

*

पण खरी तकलीफ झाली जवळच्या हट्टा गावच्या गुरुजींची. आम्हा दोघांना शाळेत विज्ञान शिकवलेले. मुलगा बाळू अमेरिकेत, त्याला मुलगी झालेली. दर रविवारी सकाळी नऊला तो व्हिडिओ कॉल लावणार, आणि बरोबर नऊला यांचं नेट जाणार! शनिवारपर्यंत ठणठणीत. तीन रविवार गेले, गुरुजींच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, नातीचं तोंड पाहिलं नव्हतं.

आम्ही स्कूटरवरून दुपारी पोचलो की काकू लॅपटॉप आणून समोर ठेवायच्या, आणि तो चालू! गुरुजी ओशाळायचे. "तुमी आलात की बराबर चालतंय बघा," म्हणायचे. काकू चहा ठेवायला आत जायच्या. मला फार वाईट वाटायचं.

चौथ्या रविवारी मिलिंद म्हणाला, नऊच्या आधीच जाऊ आणि नुसतं बघत बसू. पावणेनऊला काकू आल्या, पदरानं लॅपटॉप चारी बाजूंनी स्वच्छ पुसला. पुढच्या कडेला वायफायचं इवलंसं बटण होतं, ते पदरासरशी बंद झालं. आम्हाला द्यायच्या आधी पुन्हा पुसायच्या, तेव्हा चालू व्हायचं!

पुसता कशाला, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "नातीचं तोंड धुळीतून पाहू व्हय?"

मिलिंदनं बटणावर चिकटपट्टी लावली. नऊला कॉल लागला. काकू रडल्या, गुरुजी चष्मा पुसत राहिले, आम्ही उगाच अंगणात जाऊन उभे राहिलो.

*

दोनेक महिन्यांनी, पुन्हा रविवारीच, गुरुजींकडे गेलो. लॅपटॉप जरा हळू चालत होता. स्क्रीनवर उजवीकडे एक काळा ठिपका दिसला. मी कापड ओलं केलं, तेवढ्यात गुरुजींनी माझा हात धरला.

"पुसू नको. तीट हाय ती. हिनं लावली, काजळाची."

दृष्ट-बिष्ट काही नसते, हे आम्हाला वर्गात बाकावर उभं करून शिकवलेले गुरुजी हे. मी हसू दाबत म्हणालो, गुरुजी, लेकरू हलणार, ठिपका थोडाच हलणार आहे?

नऊ वाजले, कॉल लागला. नात पडद्यावर आली, आणि ठिपका मागच्या भिंतीवर. काकू पडद्याकडे बघेचनात, मान खाली घालून बसल्या.

गुरुजी चष्मा सावरून लॅपटॉपपाशी वाकले.

"बाळू, तिला जरा इकडं सरकव. अजून थोडं. आता खाली घे... हां. बसली गालावर."

मग काकूंनी मान वर केली.