इंग्रजीचा चातुर्मास

चहा घेतलात ना हातात? मग ऐका. माझ्या फजितीचे किस्से आमच्या घरात पुष्कळ, आणि ते सांगणारी तोंडंही पुष्कळ. पण हा एक मीच सांगितलेला बरा. दुसऱ्याने सांगितला की त्यात तिखटमीठ पडतं!

व्रत फसल्याचं तुम्ही ऐकलं असेल. माझं फसलं नाही हो, चांगलं फळलं! पण असं काही फळलं की देवासमोर हात जोडताना आजही आधी हसू येतं.

गोष्ट नव्वद सालानंतरची. रोह्यात तेव्हा इंग्रजी शाळेचं भारी वारं सुटलं होतं. आम्ही रोह्याला लागूनच, वरशाला राहत होतो. हे कंपनीत, शिफ्टच्या चक्रात. घरात मी, माझ्या सासूबाई आणि आमची मनू. सासूबाई गडबच्या, भाताच्या शेतात वाढलेल्या, आवाज बांधावरून बांधावर पोचेल असा. मनूला आम्ही हौसेने इंग्रजी शाळेत पहिलीला घातली.

त्या शाळेत पहिलीचे दोन वर्ग. एक रोझ, एक लिली. ऐकायला किती गोड! पण आठवड्याच्या आत अख्ख्या रोह्याला कळलं, रोझ म्हणजे इंग्रजी येणारी पोरं आणि लिली म्हणजे न येणारी. फुलाचं नाव दिलं म्हणजे काटा टोचत नाही असं शाळेला वाटत असावं.

बरं, कोणाला येतं आणि कोणाला येत नाही, हे ठरवलं कसं? मुलांना विचारून? छे! मुलांना कोण विचारतंय? मोठ्या बाईंनी आयांना रांगेत उभं केलं आणि एकच प्रश्न विचारला, "घरी कोणती भाषा बोलता?"

माझ्या पुढे एक गॉगलवाल्या बाई होत्या. परवाच बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून त्या जे मराठी बोलल्या होत्या, ते मी इथे सांगू शकत नाही. त्या म्हणाल्या, "ओन्ली इंग्लिश!" झालं. त्यांचा मुलगा नाकात बोट घालून उभा होता. तो बोट न काढता रोझमध्ये गेला.

माझी पाळी आली. त्यातून गुरुवार, मला दत्ताचा उपास. उपासाच्या तोंडाने खोटं कसं बोलणार? म्हटलं, "मराठी."

मनू लिली! तिला इंग्रजीतून रंग येत होते, प्राणी येत होते, पावसाची कविता हातवाऱ्यांसकट येत होती. वर्ग ठरवताना कोणी ऐकलीच नाही. शेजारच्या अनूचा, तिच्या जिवलग मैत्रिणीचा नंबर रोझमध्ये लागला. दोघी एका रिक्षातून जायच्या आणि फाटकात हात सुटायचा. मनू रोज रडत घरी. स्नेहसंमेलनात म्हणे रोझवाले बोलणार आणि लिलीवाले मागे झाडं होऊन उभे राहणार. "आई, मला झाड नाय व्हायचं!"

एकच आशा होती. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी. त्यात जमलं तर वर, नाहीतर वर्षभर झाड.

माझी ताई पेणला असते. ती म्हणाली, "रजू, खुळी आहेस तू. इंग्लिश म्हणून ठोकून द्यायचंस."

"अगं, उपास होता."

"मग खोटं नको ना बोलूस. खरं कर! बोल घरी इंग्रजी!"

आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. तिथेच घात झाला.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते. मला कुठलीही गोष्ट साधी करता येत नाही, तिचं व्रतच करावं लागतं. दर चातुर्मासात माझा एक नेम असतो. एकदा पत्रावळीवर जेवले, एकदा चार महिने अनवाणी चालले, रोह्याच्या पावसात! त्या वर्षी आषाढी एकादशीला देवापुढे पाणी सोडून नेम धरला, कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सांजवात लावल्यापासून रात्रीचं जेवण होईस्तोवर मी इंग्रजीच बोलेन. मराठी शब्द गेला तर दुसऱ्या दिवशीचा चहा बंद.

पहिला आठवडा चहाशिवायच गेला.

मग मात्र मी सरावले. माझी शाळेतली इंग्रजी सातवीपर्यंतची, तीही बाई रजेवर नसतील त्या दिवसांची. पण नेम म्हटला की मागे हटायचं नाही. शिवाय भाषा बदलली म्हणून रीत सोडायची का? नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. म्हणून मी मनूला सांगे, "मनू, गिव्ह पप्पा कोकोनट. ही विल इन्क्रीज इट."

घरातून निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. इंग्रजीत झालं म्हणून अशुभ ते शुभ होतं का? मी मनूला पक्कं बजावलं, निघताना म्हणायचं, "आय ॲम कमिंग!"

तांदूळ संपले असंही आपण म्हणत नाही, वाढले म्हणतो. यांना दारातच सांगितलं, "राइस हॅज इन्क्रीज्ड!"

हे खूश. "अरे वा!" म्हणाले आणि पिशवी खुंटीला टांगून बसले. रात्री आम्ही वरणच प्यालो.

सासूबाईंचे हाल तर विचारू नका. संध्याकाळी त्यांना तंबाखूची मिश्री लागायची. डबी वरच्या फळीवर.

"सुनबाय, डबी दे गो."

"वेट, मदर. लॅम्प इज डुइंग."

"काय म्हणतंस?"

"लॅम्प! लॅम्प!"

"अगो, लंप्या कोण आलाय घरात? मना माझी डबी दे!"

तीन संध्याकाळी त्यांनी कशातरी काढल्या. चौथ्या दिवशी यांना म्हणाल्या, "बाबू, तुझ्या बायकोला वारा लागलाय. कोणाला तरी दाखव."

हे म्हणाले, "आई, नेम आहे तिचा."

"नेम देवाचा असतो. ह्यो कोणाचा?"

पण मी डगमगले नाही. कारण मनू! पोरगी माझ्या तोंडचं वाक्य न् वाक्य उचलत होती. संध्याकाळी आम्ही मायलेकी फडाफडा बोलत असू. मला वाटे, आता कसली लिली? ही तर गुलाबाचा ताटवा होणार!

नवरात्र जवळ आलं, आणि शाळेतून बोलावणं आलं. लिलीच्या मिसनी भेटायला सांगितलं होतं. मिस नदीपलीकडच्या अष्टमी गावच्या, पूल ओलांडून सायकलवर येणाऱ्या, भल्या बाई. मी नवी साडी नेसून गेले. जाताना पेढे घेतले. हो, पेढे! रोझमध्ये घेतल्याचंच सांगणार, दुसरं काय?

मिस म्हणाल्या, "ताई, बसा. घरी काही झालंय का?"

"छे! सगळं छान."

"मग मनालीचं काय झालं? जूनमध्ये किती बरं बोलत होती. कविता तर मी स्वतः ऐकली होती. आता काहीतरी विचित्रच बोलते. परवा मी विचारलं, सणाला घरी काय करता? तर म्हणते, वी इन्क्रीज कोकोनट! मग मोठ्या बाई वर्गात आल्या. त्यांच्यासमोर ही उठली, आय ॲम कमिंग म्हणाली आणि सरळ निघून गेली! बाई दाराकडे बघत राहिल्या, आता येईल, मग येईल. ती बाथरूमला गेली होती."

माझ्या मांडीवर पेढ्यांचा पुडा. तो हळूच पिशवीत सरकवला.

"घरी तिच्याशी इंग्रजी कोण बोलतं?" मिसनी विचारलं.

आता सांगा, या प्रश्नाची मी जूनपासून वाट बघत होते की नव्हते? मान ताठ करून म्हटलं, "मी!"

मिसनी डोळे मिटले.

"ताई, हात जोडते. घरी मराठी बोला."

"अहो, पण जूनमध्ये मराठी म्हटलं म्हणून तर लिलीत घातलंत!"

मिसनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "मोठ्या बाई विचारतात, म्हणून सगळ्या आया इंग्लिश म्हणून सांगतात. सांगायचं असतं हो नुसतं! खरोखर बोलायला लागलेल्या तुम्ही पहिल्याच!"

घ्या! खोटं बोलणाऱ्यांची मुलं गुलाब झाली आणि मी खरं करायला गेले तर माझी लिलीसुद्धा कोमेजली.

घरी आले आणि देवासमोर बसले. रडूच यायला लागलं. पोरीची तपासणी दिवाळीनंतर. आणि माझा नेम कार्तिकी एकादशीपर्यंत! मध्येच सोडावा तर व्रतभंग, चालवावा तर पोरगी झाड.

सासूबाई जवळ आल्या. "काय झाला गो?"

सांगितलं सगळं. मराठीत सांगितलं, अजून सांजवात व्हायची होती.

त्यांनी मिश्री लावली, विचार केला. "त्या वेळात विंग्रजीच बोलायचा, असाच नेम हाय ना?"

"हो."

"मराठी बोलायचा नाय."

"नाही."

"मग बोलूच नको! तोंड बंद ठेव. नेमही मोडला नाय, आणि आमच्या कानांना पण इसावा!"

खरं सांगते, इतकी साधी वाट चार पोथ्यांत सापडली नसती. त्यांना पोरीची काळजी होती की डबीची, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून सांजवात लागली की मी मुकी. आणि घराला काय तो आनंद! हे आधी शिफ्ट सुटल्यावर नाक्यावर रेंगाळायचे, ते वेळेवर घरी यायला लागले. मनू धडा घेऊन आजीच्या पुढ्यात बसायची. इंग्रजीत वाचायची. आजी विचारायची, "म्हंजे काय गो?" मनू मराठीत समजवायची. "मंग त्या बदकाचा काय झाला? पाण्यात पडला का नाय?" तर ही पुढचं पान घाईघाईने वाचायची. आजीला बदकाची काळजी, पोरीला आजीची घाई, आणि मी भाकऱ्या थापत गप्प! ओठांवर शंभर इंग्रजी वाक्यं यायची. गिळायची.

कार्तिकी एकादशी झाली, नेम सुटला. शाळा उघडली, तपासणी झाली. आणि ऐका, मनू रोझमध्ये! पोरीने फाटकातून अनूचा हात धरला तो वर्गापर्यंत सोडला नाही.

त्याच आठवड्यात पालकांची सभा. हे सुट्टी काढून आले होते. मोठ्या बाईंनी लिलीतून वर आलेल्या मुलांना पुढे बोलावलं. मग म्हणाल्या, या मुलांच्या मातांनी घरी काय विशेष प्रयत्न केले, ते सर्वांनी ऐकावं. मी पदर सावरला. मनात भाषण जुळवलं होतं, श्रद्धा, नेम, चातुर्मास असं सगळं त्यात होतं. उभीही राहिले.

पण बाईंनी आधी मनूलाच विचारलं, आणि इंग्रजीतच. तुझी प्रगती कशी झाली बाळ, आईने काय केलं?

मनूने हात मागे बांधले, मान वर केली आणि भरल्या सभेत खणखणीत आवाजात सांगितलं,

"माय मदर स्टॉप्ड टॉकिंग!"

सभेत टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात कोण वाजवत होतं? आमचे हे!

मी उभी होते ती तशीच खाली बसले. लिलीच्या मिस भिंतीशी उभ्या होत्या. सवयीने त्यांचे ओठ हलले, वाक्य त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिलं, चूक शोधली. सापडली नाही.

इतकी वर्षं झाली, मीही शोधतेय. मलाही सापडत नाही.