चौथं शील

किरनापूरच्या वाटेवरच्या त्या गावात फकिरा गवंड्याचा शब्द म्हणजे ओळंब्यात धरलेली भिंत. दर रविवारी विहारात तो पंचशील सांगायचा, बाकीचे मागून म्हणायचे. पाचवं, दारूचं शील आलं की भोजराजकडे पाहून आवाज चढवायचा.

"आयकू येते ना दादा, बहिरा थोडीच हाव मी!" भोजराज दात काढायचा.

अशा फकिराच्या हातूनही व्हायचं ते झालं. वळणावर मोटारसायकलनं म्हाताऱ्या लीलाबाईला उडवलं आणि गाडी पळाली. बांधकामाच्या परांचीवरून फकिरानं पाहिलं. गाडीवर त्याचाच पोरगा होता, रजत. पोलीस भरती तोंडावर आलेली. माणसं धावली. "कोण होता गा?"

"भोजराज असंल," फकिराच्या तोंडून निसटलं.

काळी गाडी भोजराजकडेही होती. गावानं त्यातलं 'असंल' गाळलं. ठाण्यात विचारलं तेव्हा फकिरानंही गाळलं. दुसऱ्या कोणाचं खोटं तिथं टिकलं नसतं; फकिराचं टिकलं. भोजराज आत गेला.

रविवारी भोजराजची बायको गीता पुढंच बसली. "तुमी पाह्यलं म्हणता दादा, त खरंच असंल," ती म्हणाली. "मले मात्र तो आईची आन घेऊन सांगे, 'त्या दिवशी पेलोच नोहोतो.'"

फकिरानं डोळे मिटले. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. मग एकदम पाचवं.

मागून, रजतशेजारी बसलेली त्याची बायको शेवंताबाई खाकरली. "अवो, चौथं राह्यलं."

"मुसावादा..." पुढं जीभ उचलेना. जन्मभर पाठ असलेले शब्द. पण खोटं बोलणार नाही, हे आज गीतासमोर म्हणायचं कसं?

"थो भोजराज नोहोता," तो शेवटी म्हणाला. "माहा रजत होता. म्या पाह्यलं."

गीताचे जोडलेले हात तसेच राहिले. "अन् मी माह्याच माणसाले खोटा म्हणलं," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनंच चौथं शील म्हणायला घेतलं, एकेक शब्द तोडून. तिच्यामागून पहिला आवाज फकिराचा आला, पोरासारखा, अडखळत.

वंदना संपताच तो ठाण्याकडे निघाला. शेवंताबाई रजतचा दंड धरून मागोमाग बाहेर आली.

"रजतचे बाबा, थांबा जरा! चप्पल त घाला पायात. अन् तिथं 'असंल' म्हणू नोका बरं!"