मकचिक सालबियाहचं पाणी

मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी, आणि सालबियाह मकचिक म्हणजे आमच्या अख्ख्या ब्लॉकची मावशीच. एकतीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, विकला. अजूनही आमच्या बेडोक भागातल्या बाजारात टक्कल पडलेले बाप्ये त्यांना थांबवून विचारतात, "संबलची चटणी अजून तेवढीच तिखट करता का हो?"

गुडघे गेले, मुलगा पर्थला गेला, आणि नवव्या मजल्यावर त्या एकट्या उरल्या. तेव्हा आमच्या ज्येष्ठांच्या केंद्राने त्यांच्या घरात सेन्सर बसवले. दाराला, फ्रिजला, पलंगाखाली, संडास-न्हाणीघराच्या चौकटीला. त्या कधी उठल्या, कधी रांधलं, सगळं माझ्या फोनवर यायचं. मी केंद्रात कामाला आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही.

"काय मकचिक," मी कॅरमच्या टेबलाशी सगळ्यांदेखत म्हणायची, "काल सहा वेळा फ्रिज उघडलात! आत कोण लपवलंय?"

"तुझा नवरा!" त्या म्हणायच्या.

असं मजेत चाललं होतं. मग एके सकाळी मी बोलून गेले, "मकचिक, काल चौदा वेळा न्हाणीघरात? नळ गळतोय की काय?"

टेबल खदखदलं. पाकचिक जुमातना, म्हणजे आमच्या जुमातकाकांना, तर हसता हसता ठसका लागला. मकचिकही हसल्या. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि गुडघ्याचं निमित्त काढून लवकर वर गेल्या. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात आकडा नऊवर आला. मग सहा, मग तीन. मी बावळट, खूश! "शाब्बास मकचिक!" म्हणून चारचौघांत त्यांची पाठ थोपटली, अहवालात 'सुधारणा' लिहिलं. त्यांचे ओठ सुकलेले दिसत होते. तेही मी पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू?

गुरुवारी अकरा वाजले तरी त्या खाली आल्या नाहीत. फोन म्हणत होता, आराम करताहेत. मी केंद्राकडच्या किल्लीने दार उघडलं, तर त्या पलंगावर पडून मला भलत्याच कुणाच्या नावाने हाका मारत होत्या.

"यांच्या अंगात पाणीच उरलं नाहीये," हॉस्पिटलातली डॉक्टरीण म्हणाली. "किती दिवस प्यायल्या नाहीत?"

तिसऱ्या दिवशी त्या भानावर आल्यावर मी विचारलं, "का हो मकचिक, असं का केलंत?"

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तूच नाही का शाब्बास म्हणालीस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कॅरमच्या टेबलाशी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. पण जिच्यासाठी केली ती बाई घरी आल्यावरही खाली उतरली नाही. न्हाणीघरातला सेन्सर काढूया, असंही मी म्हटलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आणि आई तिथे पडली तर?" त्याचंही खरंच होतं. सेन्सर राहिला.

आता रोज चारला मीच वर जाते, बार्लीचं पाणी घेऊन. पहिल्या दिवशी त्यांनी ग्लास उचलला, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तसाच खाली ठेवला. मी उठले. फोन दाराबाहेर माझ्या चपलांवर ठेवला, दार लावून घेतलं.

मग त्या अर्धा ग्लास प्यायल्या.

"बाहेर कळेल का गं, मी प्यायले ते?"

"नाही हो मकचिक. कुणालाच नाही."

त्यांनी मान डोलावली. उरलेला अर्धा ग्लास मात्र, न्हाणीघराच्या चौकटीकडे बघत, त्या मी निघेपर्यंत हातातच धरून होत्या.