धडधाकट नर

ऐन उमेदीची वर्षं मी माश्यांची लग्नं लावण्यात घालवली. अमरावतीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, माझ्याकडे फळमाश्या होत्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्याच. काचेच्या नळीत एक नर, एक मादी, तळाशी मक्याच्या पिठाची गूळ घातलेली खीर, वर कापसाचा बोळा. नातेवाइकांनी विचारलं तर मीच "माश्या मारतो" असं सांगून टाकायचो, म्हणजे पुढचे प्रश्न वाचायचे.

माशीच्या डीएनएमध्ये लांबच लांब पट्टे असतात. त्यात तीच मोजकी अक्षरं पुन्हा पुन्हा, हजारो वेळा येतात. कशाचीच कृती त्यात लिहिलेली नाही म्हणून शास्त्रज्ञ त्याला कचरा म्हणत. पुढे कळू लागलं की नराच्या वृषणात या कचऱ्यावरूनही आरएनए उतरवला जातो, आणि तो बंद पाडला की नर वांझ होतो. बाकी त्याला काही होत नाही. खातो, उडतो, एक पंख पसरून मादीसाठी गुणगुणतो. शुक्राणू घडायलाही लागतात, पण त्यांचा डीएनए आवळून नीट बसत नाही आणि ते वाटेतच संपतात. मादी अंडी घालते, ती उबत नाहीत. असा नर सूक्ष्मदर्शकाखाली उघडला की शुक्राणूंची पिशवी रिकामी. अशा पिशव्या मी रोज पाहत होतो.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. अमरावतीत कुणी ओळखीचं भेटायला नको म्हणून आम्ही तपासायला अकोल्याला गेलो. बायकोत काही दोष निघाला नाही. डॉक्टर माझ्या रिपोर्टवर बोट ठेवून मला समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, हे तर माझंच खातं आहे, आणि हसलोसुद्धा. बायको हसली नाही.

त्यानंतर नर उघडायचं काम मी उद्यावर ढकलायला लागलो. जेवताना, ऑटोत, वर्गावर शिकवताना, मध्येच ती रिकामी पिशवी डोळ्यांपुढे यायची. नळीजवळ कान नेला तर आतल्या नराचं गुणगुणणं ऐकू येईल असं वाटायचं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. माणसाच्या बाबतीत कारण तेच असेल असं मुळीच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून उपयोग नव्हता.

त्याच दिवसांत बायको रोज संध्याकाळी कॉलेजात यायला लागली. आधी तिला माश्यांची किळस होती. आता ती टेबलाशी बसायची, सूक्ष्मदर्शकातून पाहायची, कपाटातल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून यात काय, त्यात काय विचारायची. मला बरं वाटायचं. निदान हिला तरी माझं काम कळतंय म्हणायचं.

मग पातूरजवळच्या आमच्या गावी धाकट्या बहिणीचं डोहाळजेवण निघालं. बायका एकेक करून तिची ओटी भरत होत्या. माझी बायको आत पुऱ्या तळत बसलेली. तिला कुणी हाक मारली नाही, आणि तीही उठली नाही. मी आईला बाजूला घेऊन विचारलं, सुनेला ओटी भरायला का बोलावलं नाही. आईने माझ्याकडे दयेने पाहिलं.

"तिनंच सांगतलं मले. अकोल्याचा डाक्तर म्हने दोष तिच्यातच हाय. तू काहून लपवून राह्यला बाप्पा?"

माझं डोकं फिरलं. तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता सगळ्यांसमोर खरं सांगतो. दोष माझा आहे, बोलणी मी खाईन. तिने कढई उतरवली आणि मला परसात नेलं.

इथे तिच्या भावाबद्दल सांगायला हवं. कापसावर बोंडअळी पडली त्या वर्षांत आमच्याकडे सारखी कुठून ना कुठून शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी यायची, आणि लोक आधी कर्जाचं विचारायचे. तिच्या भावावर कर्ज नव्हतं. एका लग्नाच्या पंगतीत त्याच्या सासऱ्याने त्याला चारचौघांत म्हटलं होतं, कापूस पिकवता येत नाही तर बांगड्या भर. तो हसला, जेवण पुरं केलं, घरी गेला आणि फवारणीचं औषध घेतलं.

"बाईले लोक बोलले तर बाई रडते अन् भाकरी थापाले बसते," बायको म्हणाली. "माणूस हासते. माहा भाऊबी हासला होता. तुमीबी त्या डाक्तरसमोर हासले. मले वांझ म्हनू द्या. मी जगतो त्याच्यात."

मी चिडून म्हटलं, मी शिकलेला माणूस आहे, माझ्याबद्दल असं काहीबाही मनात आणू नकोस.

"मंग ते निळ्या झाकनाची बाटली कपाटातून काढून टेबलावर कावून ठेवली होती?"

त्या बाटलीच्या चिठ्ठीवर विषाची खूण होती. माश्यांच्या कामात ती बाटली कधीच लागत नाही.

ती आत गेली आणि उरलेल्या पुऱ्या तळायला बसली. मी बाहेर येऊन पाहुण्यांना पाणी वाढलं. आईला काही सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. सून वांझ निघाली ही खंत घेऊनच आई वारली. आपल्याआधी मुलगा जाण्याचं दुःख मात्र तिला पाहावं लागलं नाही.