न उघडलेल्या मशीनचा हार

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. डिप्लोमा मेकॅनिकल माणूस... कुठे खडखड ऐकली की आधी बेअरिंग बघणार. त्यामुळे तुम्ही माझी टर उडवलीत तरी तक्रार नाही.

लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलचं मेंटेनन्स मी बघतो. हे काम शिकवलं ते गफूरचाचांनी — आमचे जुने फिटर, उदगीरचे. खंडेनवमीला मिल बंद, मशीनची पूजा. पण चाचांचा कायदा वेगळा. आधी कव्हर उघडायचं, ग्रीस भरायचं, बोल्ट तपासायचे, मगच त्या मशीनला हार.

"पोट उघडून बघितल्याबिगर हार घालायचा न्हाई, साहेब. देवालाबी फसवनं हाय ते अन् मशीनलाबी."

मग हात पुसून, चष्मा कपाळावर सारून स्वतःच झेंडू ओवायला बसायचे. दुपारी मागच्या लिंबाखाली सगळ्यांनी मिळून चुरमुऱ्यांची सुशीला खायची. फार गोड दिवस होते ते, खरंच.

चाचांना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या खंडेनवमीला माल तुंबलेला, मालकांची घाई. डाळ वर चढवणारा एलिव्हेटर मी उघडलाच नाही. चेकलिस्टवर टिक केली आणि हार बांधला. कुलूप मीच लावलं, किल्ली माझ्याच खिशात.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शटर उघडलं. सगळे हार जागेवर. एलिव्हेटरचा मात्र खाली स्टुलावर, नीट घडी करून ठेवलेला. उंदीर म्हणावं तर दोरा तुटलेला नाही... गाठ सोडलेली! वैतागून पुन्हा बांधला. स्टार्टरपाशी जाऊन मागे वळतो तर — हार परत स्टुलावर.

एलिव्हेटरच्या पायाशी बसून डाळ निवडणाऱ्या शांतामावशी दारात चप्पल काढत होत्या.

"मावशी, हा हार तुम्ही काढला?"

"मी कशाला काढू बाबा? आत्ता तर यायले मी."

स्टार्टरचं बटण तसंच सोडलं, शिडी लावली आणि वरच्या मोठ्या पुलीचं कव्हर उघडलं. पुली ज्यावर फिरते त्या शाफ्टला बोटभर चीर. मिल चालू केली असती तर ती पुली सरळ खाली आली असती, मावशी बसतात तिथेच.

हार कुणी सोडला? चाचांची आठवण येऊन त्या दिवशी शिडीवरच रडलो, एवढं खरं.

मावशींना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. त्या कशातून वाचल्या हे सांगायचं, तर ती टिक खोटी होती हेही सांगावं लागेल.