खेडच्या लाल गाडीचा पट्टा

कारकुनाच्या पगारात टर्बो इंजिनाची गाडी हवी, तर ती जुनीच मिळणार. खेडच्या एकाला आपली लाल गाडी विकायची होती. खेडची गाडी म्हटली की मला आधी जगबुडी नदीचा पूर दिसतो, आणि गाडीच्या बाबतीत मी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. इंजिनाकडे न बघता मी ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा टोकापर्यंत ओढला. बुडालेल्या गाडीत पट्ट्याच्या आतल्या भागावर गाळाचा डाग राहतो. इथे डाग नव्हता. स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालेलं, पट्टा मात्र कोरा करकरीत.

“पट्टा नवीन कसा?” मी विचारलं.

मालक बोनेट पुसत म्हणाला, “पाणी सीटच्या वर चढलंच नाय हो.”

मी पाण्याचं नावही काढलं नव्हतं.